एक धागा डावीकडे

पहिली आली बिजागरी.
शनिवारच्या बाजारात, ईराप्पाच्या गोणपाटावर,
कपाटाची, पितळी, एक पंख जरा वाकलेला.
एष्टु? पंधरा. दहा घे. पंधरा.
मग उधार ठेव.
ठेवली त्यानं, गालात हसून.

मी शहापुरात मिक्सर दुरुस्त करते,
मोटारींना तांबं गुंडाळते,
आणि रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून
विमान बांधते.
विमान म्हणजे त्याचे हातपाय तेवढे:
ओढायची दांडी, रेटायची दांडी, पायाखालचे पेडल.
बाकीचं, पंख आणि आभाळ,
त्या जुन्या कॉम्प्युटरात आधीच आहे,
भाचा पुण्याला जाताना टाकून गेला तो.

दांडी नळाच्या पाइपाची, पाऊण इंची.
मूठ सायकलची, फुटक्या रबराची.
बेअरिंगं उद्यमबागेतून, रिजेक्ट माल.
रिजेक्ट का, तर केसभर जास्त.
माझ्या विमानाला केसाचं एवढं कौतुक नाही.
हात किती हलला ते मोजायला
जुन्या रेडिओतली आवाजाची बटणं:
कुणी तरी ज्यानं बातम्या मोठ्या केल्या असतील
त्यानंच मी नाक वर करते.
आत धूळ होती. चार दिवस विमान
हिवताप आल्यासारखं थरथरलं.
पेट्रोलनं धुतल्यावर उतरला ताप.

स्प्रिंग ढिगातून सोडवताना ईराप्पा म्हणाला,
निधान, अक्का, निधान.
त्याच्या भाषेत सावकाश.
माझ्या भाषेत पुरलेला ठेवा.
दोन्ही अर्थ पिशवीत टाकले,
पैसे एकाचेच दिले.

पेडल मात्र जमेनात.
प्लायवूड मोडलं. शिलाई मशीनची पायटी
इतकी जड की विमान म्हशीसारखं वळे.
शेवटी वडगावला जाऊन माळ्यावर चढले,
अण्णांच्या पावड्या काढल्या.
माग कधीच गेला. मागाचा खड्डा बुजवला,
वर फरशी, फरशीवर फ्रिज.
पावड्या राहिल्या, चिंचेच्या,
अंगठ्यांच्या जागी खोलगट,
दोरीनं अशा जोडलेल्या की
एक खाली तर दुसरी वर.
विमानाच्या शेपटीला हेच लागतं, नेमकं हेच.

अण्णा रविवारी दुकानात आले.
काय करूलीस गं हे?
सांगितलं. ते पावड्यांकडेच बघत राहिले,
पडद्याकडे नाही.

उतरायचं होतं सांब्र्याला, सव्वीस नंबरची धावपट्टी.
त्याआधी अकरा वेळा गवतात गेलेली.
(वरून सीमा दिसते का, शेजारच्या पोरानं विचारलेलं.
काय माहीत. मी उंची बघत होते.)
बाराव्यालाही नाक उजवीकडे सरकू लागलं तेव्हा
अण्णा म्हणाले, लाथा काय मारतीस,
टाच टेकव. सरक जरा.
चपला काढून ते स्टुलावर बसले,
पाय खोलगट जागेत गेले
न बघता.
मी बाजूला वाकून, दोन्ही हात दांड्यांवर.

सांग, म्हणाले.
डावा.
किती?
थोडा.
थोडा म्हंजे?
मी घाबरून म्हटलं, एक धागा.
हां, म्हणाले,
आणि पाऊल दबलं की नाही कळलंच नाही,
पण नाक आलं रेघेवर.
परत अर्धा. उजवा. सोडा. निधान, अण्णा, निधान.
स्पीकरमधून चाकं टेकल्याचा आवाज आला,
पत्र्यावर चिंच पडावी तसा.

काठ सरळ आला काय?
आला.
मग झालं, म्हणत ते चपला शोधू लागले.
विमान तसंच पळत होतं पट्टीवर,
ब्रेक मी अजून बांधलेला नाही.

वहीत लिहिलं:
ईराप्पाचे पंधरा द्यायचे.
उजवी पावडी करकरते, ग्रीस.
उंच स्टूल एक, अण्णांसाठी.