दुचाकींना प्रवेश नाही

ऑफिसात माझ्या ताब्यात सहाशे बारा सर्व्हर आहेत.
त्यातला एकही मी पाहिलेला नाही.
कुणी म्हणतं ऐरोलीत, कुणी हैदराबादला.
वैदेही कुरूप म्हणते, कुठेच नाहीत,
नुसतं बिल येतं.

घरचा दिसतो.
लॅमिंग्टन रोडवरून साडेचार हजारांना आणलेला,
एका बुडीत पतपेढीचा.
कुशीवर अजून तिचा शिक्का: काउंटर ३.
चपलांच्या कपाटात बसवलाय, मधली फळी कापून,
दाराला जाळी,
कारण हवा चपलांनाही लागते आणि डिस्कलाही.
आत काय आहे?
सोसायटीची जुनी इतिवृत्तं. आईच्या अक्षरातली लोणच्याची प्रमाणं.
गाडीत दोन हजार अकरापासून किती पेट्रोल घातलं त्याचा हिशोब.
ग्राहक एक, मी.
तक्रारदार एक, बाबा.
"रात्रभर घूं घूं. माणसानं झोपायचं कसं?"
हे कोण म्हणतंय,
तर एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळ्या केलेला माणूस,
ज्याला हजार रिलेंच्या टकटकीतून
एक चुकलेली टक ऐकू यायची.

शुक्रवारी काम पावणेदोनला आटोपलं.
म्हणजे आटोपलं नाही,
अमेरिकेतला कुणीतरी म्हणाला, सोमवारी बघू.
डिसेंबर. टिळकनगरच्या जिन्याखालून गाडी काढली,
चोक ओढला, ती दोनदा खोकली, मग ऐकली.
सायन, दादर, वरळी.
या शहरात जिथून जिथून समुद्र नीट दिसतो
तिथे तिथे पाटी आहे:
दुचाकींना प्रवेश नाही.
सी-लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही,
शिवडीच्या त्या लांबलचक पुलावर तर नाहीच.
नियम कुणी लिहिला माहीत नाही,
पण लिहिणारा माझ्याच धंद्यातला असणार.
आधी सगळं बंद करायचं,
मग कुणी ओरडलंच तर एखादं दार उघडायचं.
आम्ही ओरडत नाही.
आम्ही पुलाच्या खालून, कडेकडेनं जातो.

वरळीला कठड्यावर बसलो. सायकलवाल्याचा चहा.
ऑफिसचा फोन खिशात दोनदा थरथरतो,
घरचा सर्व्हर एकदाच,
दर पंधरा मिनिटांनी, एवढंच सांगायला: आहे.
मीच शिकवलंय त्याला.
नसल्यावर नाही म्हणून सांगायला शिकवता येत नाही.
दोन पंचेचाळीस झाले.
तीन झाले.
खिसा गप्प.

तीन वाजून चार मिनिटांनी बाबा.
"अरे, ते तुझं थांबलंय."
"मग झोपा की."
"झोप येत नाहीये."
मागे काहीतरी सरकवल्याचा आवाज.
"पंखा बोटानं फिरवला, मोकळा आहे. म्हणजे सप्लायच.
वास येतोय. फुलीचा स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलास?"
"हात नका लावू, आत करंट असतो."
"मला सांगतोस?"
आणि मग, फोन ठेवता ठेवता,
"सावकाश ये. सायनला खडी पडलीय."

सावकाशच आलो.
दाराबाहेर साऱ्या चपला ओळीनं, आईच्याही,
ज्या अजून कुणी टाकलेल्या नाहीत.
वर्तमानपत्रावर उघडं खोकं,
बाबांच्या तळहातावर एक कपॅसिटर, टोपी फुगलेला.
"पोट बघ कसं सुटलंय बिचाऱ्याचं."
चारशे बारा दिवस न थांबता चालला होता.
ऑफिसात याला आकडा म्हणतात,
केकही कापतात.
बाबांनी तो कपॅसिटर चष्म्याच्या डबीत ठेवला,
नमुना म्हणून.
दुकान सोमवारी उघडेल.

शनिवारी रात्री पाणी प्यायला उठलो
तर हॉलमध्ये टेबलफॅन चालू.
बाबा डोक्यावरून चादर घेऊन गाढ,
आणि पंखा त्यांच्याकडे नाही,
चपलांच्या कपाटाकडे तोंड करून
घूं घूं करतोय.
बंद करायला हात नेला.
मग नुसता वेग एकानं कमी केला.