फिरकेला कळवायचंय

फिरके, तू विचारलंस घेऊ का,
म्हणून आधी मीच मागवला.
साडेचार हजार. केळीचा घड गुंडाळावा तशी
खोक्याभोवती चिकटपट्टी,
आत हा: मिटलेला, चष्म्याच्या घरासारखा.

माझा धंदा तुला ठाऊक आहे. फैजपुरात
बावीस वर्षं लोकांच्या कानामागच्या काड्या सरळ करतोय,
तेव्हा पडद्याचं नंतर, आधी बिजागरी.
उघडली, मिटली. चाळीस वेळा. रुबाब मोजत होता
(रुबाब तडवी, यावलचा, माझ्याकडे शिकतो, हात हलका).
उजवी ठणठणीत.
डावीत केसभर प्ले आहे.
प्ले, म्हणजे खेळच की.
अर्ध्यात सोडली तर थांबत नाही,
जेवण झालेल्या जावयासारखी एकदम मागे रेलते.

मग ऊन. तू चाकणला गेलास, विसरला असशील,
मे महिन्यात इथे शटरचं कुलूपही चटका देतं.
मुद्दाम दोन तास स्कूटरच्या डिकीत ठेवला.
रंग गेला नाही, बटण वाकलं नाही,
नुसता वास आला नव्या रेक्झिनचा,
आणि साडेसहा तास लिहिलेली बॅटरी
चार तास दहा मिनिटांवर आली.

पडदा चांगला. जुन्या टीव्हीच्या मापाचा,
कडेला काळ्या पट्ट्या पडत नाहीत.
दृष्टी तपासायच्या तक्त्याशेजारी धरून पाहिला,
हिरवा हिरवाच, लाल जरा कुंकवाकडे झुकलेला.
आवाज खालून येतो,
तळहाताने तोंड दाबल्यासारखा.
अधिक-चिन्हाचं बटण तिरकं दाबलं
तर कधी ऐकतं, कधी बसलेली म्हैस.

आत खेळ पाच हजार, त्यातले कितीतरी
नाव बदलून तेच. ते तर गोवर्धनशेठकडेही होतंच.
आठवते ना, पिठाच्या गिरणीमागची खोली?
रुपयात दहा मिनिटं,
रिमोटवर पोरांचे पांढरे अंगठे.
तू खड्ड्याच्या ऐन काठावरून उडी मारायचास,
बोटभरही अलीकडून नाही.
आणि सहाला लाइट जायची.
तिसऱ्या पुलापलीकडे काय आहे
ते अख्ख्या फैजपुरात कुणालाच माहीत नव्हतं.

तीच उडी मारून पाहिली.
पडलो. परत पडलो. अकरा वेळा.
वहीत लिहिलं: बटण दाबणं आणि उडणं
यांत अंतर आहे, मशीन ढिलं.
मग रुबाबच्या हातात दिला.
तोंडात केळीचा वेफर तसाच धरून
पोरगा पहिल्या फटक्यात पार.
मी ते वाक्य खोडलं.
त्याच्या जागी काय लिहावं सुचलं नाही.
(पावणेदोनचा नंबर लावल्याशिवाय
खड्डा दिसतच नाही, ते वेगळं.)

एक गोष्ट मात्र आपल्या वेळी नव्हती.
झाकण मिटलं की हा झोपतो,
उघडलं की जिथे होता तिथे.
आज दुपारी बाराव्यांदा काठ सोडला आणि
सावद्याच्या आक्का आल्या, तुटकी काडी घेऊन.
"काय करू राह्यला रे भाऊ, मान खाली घालून?"
खटकन मिटला.
त्यांचा स्क्रू बसवला, नाकाच्या गाद्या बदलल्या,
मग त्यांनी मलाच कालच्या पेपरातले
निधनाचे रकाने वाचून दाखवले, सगळे,
आणि वीस रुपये कमी दिले.
आता दिवे लागलेत. रुबाब शेवटच्या गाडीने गेला.
अजून उघडला नाही मी.
आत तो माणूस खड्ड्यावर आहे,
दोन्ही पाय हवेत.

तर घे.
डावीचा स्क्रू, इथे आणलास तर
आवळून देईन, वर थेंबभर तेल, फुकट.
माझा मात्र अजून आवळलेला नाही.
त्यासाठी उघडावा लागेल.