गरम आहे तोवर

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, दीपगृहाच्या वळणाखाली,
जिथे पाण्याचा पेला एका पायावर उभा असतो
आणि रुमालाचं बदक करून ठेवतात,
तिथे आम्ही सात वाजता पोचलो:
दोन माणसं, दोन पोरं, तीन पिशव्या,
आणि लग्नाला सहा वर्षं झाल्याची गोष्ट,
जी गाडीत दोघंही बोलायची विसरलो.

निमिषनं आधी बदक मोडलं,
मग विचारलं, ते उडालं कुठे?
ऋजूनं मेन्यूचा कोपरा खाल्ला,
बहुधा सूप्स.

शेजारच्या टेबलावर मेणबत्ती होती.
आमचीही होती. मी ती उचलून
खिडकीच्या कठड्यावर ठेवली, मग मिठाची बाटली,
मग सुरी, मग काटा, मग फुलदाणी.
पाच मिनिटांत आमचं टेबल
वादळाचा बावटा लागलेल्या किनाऱ्यासारखं,
होड्या सगळ्या वर ओढलेल्या.

तू ऑर्डर दिलीस पेपर सोडवल्यासारखी,
सगळं एकदम, घंटा व्हायच्या आत.

चमचा पडला.
वाकले, दिला. पडला.
फरशीवर त्याचा आवाज इतका स्वच्छ
की निमिष मोजू लागला: एक, दोन, पाच, एक.
पलीकडच्या बाईंनी मान वळवली नाही,
नुसती पाठ ताठ केली.
पाठीलाही चेहरा असतो
हे मला आई झाल्यावर कळलं.

मग सोलकढी.
पांढऱ्या टेबलक्लॉथवर ती सांडली तेव्हा
क्षणभर सुंदर दिसली,
भरतीचं पाणी खाडीत चढतं तशी
सावकाश, काठाकाठानं, थेट तुझ्या मांडीपर्यंत.
मी सॉरी म्हणाले.
तुला नाही. टेबलाला, वेटरला,
त्या ताठ पाठीला.

वेटर पास्कू, साठीचा, कानावर पेन्सिल.
वाकला, चमचा उचलला, खिशात टाकला,
आणि आतून एक डवली घेऊन आला,
करवंटीची, दांडा हाताळून काळा पडलेला.
"ही पाडूंदे तेका. आवाज करूची नाय."
निमिषनं पाडली. थप्प.
पुन्हा पाडली. थप्प.
मग काही मजा नाही म्हणून
तिच्यात भात भरला आणि जेवला.

सुरमई आली. मी त्याच्यासाठी काटे काढत बसले,
न बघता, बोटांच्या टोकांनी,
दिवे गेल्यावर माणूस काड्यापेटी शोधतो तशी.
डाव्या हातात ऋजू, तो माझी कुडी ओढत होता.
माझ्या वाटीतल्या तिखल्यावर तवंग थिजू लागला.
अडीच वर्षं झाली, मी सगळं कोमट खाते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून
रतनबाई बाहेर आल्या, पदर खोचलेला, हात ओले.
"दी हयसर," म्हणाल्या,
आणि ऋजूला माझ्या कुशीतून असा काढला
जसा फणसातून गरा.
"तू जेव. गरम आसा तवसर."
पास्कूनं वाटी नेली, दुसरी ठेवली.

दोन हात मोकळे.
मी ते टेबलावर ठेवले,
कुणी सांभाळायला दिलेल्या सामानासारखे,
आणि बघत राहिले.
मग पहिला घास. जीभ भाजली.
आतून त्याचं, ऋजूचं, खिदळणं ऐकू आलं
आणि भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज.
इथे आपटायला परवानगी होती तर.

तू म्हणालास, "सहा झाली ना?"
मी म्हणाले, "साडेआठ वाजले."
मग कळलं. मग तोंडात भात असताना
हसायचं नाही हे विसरून हसलो दोघं.

ती पाठ शेवटपर्यंत ताठच राहिली.
राहू दे.

निमिष खुर्चीतच झोपला, मुठीत लिंबाची फोड.
मी हात पुसले तेव्हा दिसलं,
माझ्या ताटाच्या कडेला
सुरमईचा मधला तुकडा, काटे काढलेला,
वेगळा ठेवला होता मीच, कधी कोण जाणे.
त्याच्याकडे बघत मी म्हणाले, हा झोपला की.

तू हात लांब केलास
आणि तो तुकडा खाल्लास,
लहान मुलासारखा, काटा असेल का
हे न तपासता.