सूत

सोमवारी पहाटे फोन वाजला नाही,
त्यावरूनच कळलं, काहीतरी झालंय.
एरवी साडेचारपासून ड्रायव्हर बोंबलत असतात :
कागद कुठे? दूध तापतंय.

अबू समराच्या नाक्यावर बारा वर्षं
मी दुधाचे कागद करतो.
दूध, दही, कोंबड्या, टोमॅटो, खडी,
पलीकडून येणारं सगळं
माझ्या टेबलावरून उठतं, मग दोह्याला जातं.
तिथे कुणी चहात दूध ओततं
तेव्हा माझी एक सही विरघळते त्यात,
असं मी घरी फोनवर सांगायचो.
बायको म्हणायची, मग साखर कमी घाला.

त्या दिवशी रस्त्यावर नुसता रस्ता होता.

मोइदूकुट्टीची टपरी रोज्यामुळे बंद,
तरी तिच्या सावलीत माणसं जमली.
लायसन्स चालेल का. रियाल पडेल का.
दुबईवरून तिकीट आहे माझं, बहिणीचं लग्न आहे.
पगार वेळेवर होईल का, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही.
कुणीतरी म्हणालं,
सहा जणांच्या संघातून बाहेर पडलो तर?
वजनकाट्यावरचा इद्रिस म्हणाला,
पडलो, की पाडलं?
मी मात्र त्या ‘लो’पाशी अडकलो.
पडलो म्हणजे कोण?
अरबीत एकच शब्द आहे, इहना, त्यात सगळे मावतात.
मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण,
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा
मला ठरवता येईना, यातला कुठला माझा.

आमच्या काकांनी चूल वेगळी केली तेव्हा
पाटा एका घरी गेला, वरवंटा दुसऱ्या.
दोघींनी वर्षभर वाटण मागून आणलं तिसरीकडून.
हे इद्रिसला सांगायला गेलो,
पण पाट्याला अरबीत काय म्हणतात ते आठवेना.

संध्याकाळी जोसलिननं दुकानातून फोटो पाठवला :
फ्रिजचे लांबच लांब रिकामे कप्पे,
आत दिवे तेवढे लागलेले, पांढरे.
आमच्या खोलीतल्या फणसेनं अंड्यांचे नऊ ट्रे आणले.
माणसं सात, फ्रिज एक.
चार दिवस अंडी. भुर्जी, रस्सा, उकडून, पुन्हा भुर्जी.
पाचव्या दिवशी अंडी दुकानात परत आली
आणि फणसे कुणाच्या नजरेला नजर देईना.

मग नासिर आला.
त्याचे उंट पलीकडच्या चाऱ्यावर असायचे,
आजोबापासून तसंच चालू होतं.
आता हाकलून दिलेले, तहानलेले,
कुठल्या तारेशी थांबायचं ते माहीत नसलेले.
मी त्यांचा रकाना शोधला : जिवंत जनावरे.
तो खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला,
बायको हुफूफची आहे. पासपोर्ट तिकडचा.
तिला चौदा दिवसांत परत बोलावलंय.
मुलं माझ्या नावावर आहेत.
हे कुठल्या रकान्यात?
मी ड्रॉवर उघडला, बंद केला.
पाणी विचारणार होतो, आठवलं, रोजा आहे.

पुढच्या आठवड्यात विमानातून दूध आलं.
दूध, विमानातून! बायकोला खरंच वाटेना.
डब्यावर तुर्की अक्षरं, जोडून जोडून वाचलं :
सूत.
आमच्याकडे सूत जुळतं, म्हटलं,
यांच्याकडे ते नासतही असणार.
चहा केला. जरा गोडसर, जरा दाट.
माझी सही नव्हती त्यात.

नासिरच्या बायकोचं काय झालं, मी विचारलं नाही.
तो अजून येतो. उंटांबद्दल बोलतो.

शिक्क्याचं पॅड वाळू नये म्हणून
रोज सकाळी मी तो जुन्या पावतीच्या पाठीवर मारतो,
तारीख बदलून.
रस्त्याकडे कान असतो.
वारा जोरात असला की
ट्रक गिअर बदलतोय असं वाटतं,
आणि हात आपोआप
पेनाकडे जातो.