पुकारा

विडी नाही, मिश्री नाही.
हर्णैच्या पुळणीवर तीस वर्षं
नुसता गळा वापरला –
सुरमई सातशे, साडेसातशे, एक बार, दोन बार…

डेरवणचा डॉक्टर म्हणाला, विषाणू आहे.
टॉन्सिलच्या मुळाशी
वीस-पंचवीस वर्षं गुमान बसलेला.
कुणाकडून आला, ते आता कळायचं नाही.

सुगंधाने विचारलंही नाही.
एसटीत दापोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.
घरी पेज तेवढी दोनदा गाळली.

पुकारा आता भाचा करतो.
मी पाटीवर आकडे लिहितो.

काल लेकीच्या शाळेतून लशीचा कागद आला.
शेजारीण म्हणाली, "पोरीला आत्तापासून कसली ही लस?"
मी पाटी उचलली,
ठेवली.
सही केली,
आणि खाली, जागा नव्हती तिथे,
धाकट्याचंही नाव.