पिलोन्सियो

डब्यावर लिहिलंय, आधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहा.
थेंब वरच बसून राहिला तर जुना लेप अजून शाबूत आहे,
फरशी काळवंडली तर ती तहानलेली.
मी स्वयंपाकघरभर थेंब टाकत फिरलो.
चष्मा सापडेना, म्हणून गाल जमिनीला टेकून पाहिलं.

एकशे बारा फरश्या.
साल्तियोहून ट्रकनं टूसॉनला आल्या, त्या वर्षी
ऑफेलियाला सातवा महिना होता.
ट्रकवाल्यानं नऊ फुटक्या टेकवल्या, पैसे पुरते घेतले.
एकीवर कोंबडीचा पाय. माती ओली असताना
कुणाची तरी कोंबडी चालून गेलेली.
ही फ्रिजसमोर लाव, ती म्हणाली, मला सोबत होईल.

रंगावरून मात्र आमचं जमलं नाही.
तिला हवा होता पिलोन्सियोचा रंग,
आमच्याकडे शंकूसारख्या ढेपेत मिळतो तो गूळ,
तो पातेल्याच्या कडेला वितळताना दिसतो तसा.
मी म्हणालो, मातीला मातीचा रंग पुरे.
एकतीस वर्षं पुरला.

आता नवा खुबा घेऊन ती गुरुवारी घरी येणार.
तिथली नर्स म्हणाली, गालिचे उचला, वायरी उचला,
वॉकर कुठे अडकता कामा नये.
गालिचे उचलले. खाली बघितलं. दुकानात गेलो.

दोन दिवस जुना लेप खरवडत होतो.
त्या द्रावणाच्या वासानं डोळे चुरचुरले;
भिंतीपलीकडून ऑर्तेन्सिया ओरडली,
कासिमिरो, काय जाळतोयस?
गुडघ्यांखाली पिकअपच्या सीटची जुनी गादी,
हातात माझंच फाटकं बनियन.
चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं.
कोपऱ्यापासून दाराकडे, दुकानातल्या पोरानं बजावलं होतं,
उलटं केलंत तर रात्र सिंकवर बसून काढाल.

दाराशी पोचलो, पाठ धरून उभा राहिलो, आणि वळलो.

तीनचं ऊन जमिनीवर आडवं पडलं होतं.
सिंकपासून शेगडीपर्यंत गडद पट्टा.
शेगडीपासून कोंबडीपर्यंत.
तिथून मागच्या दारापर्यंत, कपड्यांच्या दोरीकडे.
एक पट्टा माझ्या खुर्चीपर्यंत येतो
आणि तिथूनच परत फिरतो.
खुर्चीखालच्या चार फरश्या
ट्रकमधून उतरल्या तेव्हा होत्या तशा, फिक्या.

पोराला फोन लावला.
झिजलेली फरशी जास्त पिते, तो म्हणाला.
किती?
मिळेल तेवढं. पुन्हा खरवडा, सगळं एकसारखं करून देतो.

सुकायला बारा तास लागतात.
पोर्चमधल्या खाटेवर पडून मी ते बारा तास घालवले.
कुत्री भुंकली, थांबली.
ती दिवसातून कितीदा खुर्चीपाशी यायची
याचा हिशेब मांडायला घेतला, सोडून दिला.

सकाळी लेपाचा डबा उघडला.
पहिला हात फरशी पिऊन गेली.
दुसरा अर्धा प्यायली.
तिसरा वर राहिला, दुधावरच्या सायीसारखा,
आणि त्याखाली ते पट्टे होते तिथेच पक्के झाले.

गुरुवारी ती आली. वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू.
उंबऱ्यात थांबून तिनं सावकाश सगळीकडे पाहिलं.
डागाळलंय, म्हणाली. सगळीकडे सारखं लागलं नाही.
नाही लागलं, मी म्हणालो.
रंग बरा आहे पण.

मग ती निघाली, चेंडू सरकवत,
खाली न बघता, बरोबर त्या गडद पट्ट्यावरून.
सिंकशी नळ सोडला, बोट भिजवलं,
एक थेंब खाली पडू दिला.
तो गोल राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

मी सवयीनं खुर्चीत टेकलो होतो.
बसलास काय, ती म्हणाली,
कोंबडीपाशी जा, दूध काढ.