भरलेलं वजा रिकामं

दिवसा मी जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर बसतो.
भंगार घेऊन ट्रक येतो, सळई घेऊन जातो.
भरलेलं वजा रिकामं.
एवढंच गणित, आणि पावतीवर शिक्का.

रात्री विमान बनवतो.

म्हणजे खोटंच, कॉम्प्युटरवर उडवायचं,
दोन पंख्यांचं, सत्तर आसनांचं,
पण खोटं असं की डोक्यावरच्या पॅनेलमधला
एकूण एक खटका दाबता यावा
आणि दाबल्यावर जे व्हायचं तेच व्हावं.
बॅटरी उतरली तर दिवाही पिवळट पडावा.
तीन वर्षं झाली.
अजून शौचालयाचं दार उघडत नाही.

आवाज इथलेच.
इन्व्हर्टरची शिट्टी आमच्या घरची, बाजेखालची.
हायड्रॉलिक पंप म्हणजे लहान्यांची पिठाची गिरणी,
दळण नसताना दोन मिनिटं रिकामी फिरवून घेतलेली.
चाकं पोटात जातानाचा धप्प
हे मिलचं मागचं फाटक.
सेलूचे निर्मळकाका, हवाई दलात बावीस वर्षं पाने फिरवलेले,
फोनवर तीनदा ऐकून म्हणाले,
"फाटक लवकर आपटतंय, बाबा.
तिथं तेल असतं. तेलाला वेळ लागतो."
मी अर्धा सेकंद तेल ओतलं.

आई विचारते, "कामून जागतोस रे? पैसे देतंय का कोणी?"
देतील, म्हणतो.
मी विमानात कधी बसलेलो नाही,
हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

मग ते नाक.
चिकलठाण्याची धावपट्टी, तोंड पूर्वेला,
साठ नॉटही होत नाहीत तोच नाक आपलं आपण वर,
शेपूट डांबराला घासतेय.
आठ रात्री पंख तपासले, शेपटीची पाती तपासली,
कोष्टकातली दशांशचिन्हं खडे वेचावेत तशी वेचली.
नवव्या दिवशी दुपारी काट्यावर एक गाडी आली,
सळई फाळक्याबाहेर हातभर,
पुढची चाकं नुसती टेकल्यासारखी.
गुलाब शेख खाली उतरून म्हणाला,
"पुढं कोणी तरी बसवा हो, स्टेअरिंग लई हलकं चालतंय."

पावती द्यायची राहिली.

मागच्या कप्प्यात सामान होतं. टाकीत इंधन होतं.
आसनांवर कोणी नव्हतं.
सत्तर जागांपुढं मीच शून्य लिहिलं होतं,
तीन वर्षांपूर्वी, नंतर भरू म्हणून.

सरसकट पंचाहत्तर किलो टाकून मोकळं होता आलं असतं.
पण आमच्या काट्यावर लोक गंमत म्हणून उभे राहतात,
तो दहाच्या पटीतच बोलतो, तरी.
पहिल्या रांगेत गुलाब शेख, नव्वद.
शेजारी भट्टीवरचा रामअवतार, साठ, उन्हाळ्यात पन्नास.
मथुराबाई चहावाल्या, सत्तर, किटलीसकट.
जगदेव खरात दोनदा चढला, दोन्ही वेळा वेगळा भरला,
मी मधला आकडा घेतला.
काकांनी विचारलं, "माझं कशाला?"
मग थांबून, "अठ्ठावन्न. पूर्वी बहात्तर होतं."
आई चढलीच नाही.
तिचं अंदाजानं लिहिलं, पंखाच्या मागची खिडकी दिली,
तिथून चाक खाली येताना दिसतं.

पहाटे तीन वाजता सगळे बसले होते.
शंभर नॉटपर्यंत नाक खाली राहिलं, शहाण्या बैलासारखं.
एकशे पाचला मी ओढलं तेव्हा उचललं,
आणि ते जड होतं. पहिल्यांदा जड होतं.
माऊसमध्ये वजन येत नाही, माहीत आहे.

दहा-बारा मिनिटांत खाली जालना यायला हवं होतं.
तिथं तपकिरी चौकोन आहे, त्याच्यापुढं तसलाच दुसरा.
मिलची चिमणी नाही, काट्यावरचा दिवा नाही.
दिवा मी टाकेन कधी तरी.

आधी दार.
आता माणसं आहेत आत,
मथुराबाई विचारणारच.